रेस सोडली की वळण सुटतं

जळगावजवळच्या नशिराबादला हायवेच्या कडेला आमच्या आप्पांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. सबमर्सिबल खोलायची, बुश बदलायचे, जळालेली मोटार भरायची, ऐन उन्हाळ्यात केळीवाल्याचा पंप रात्री बंद पडला तर बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. पाऊस लागला की दुकानातली गर्दी ओसरते. अशाच एका जूनमध्ये माझ्या पुतण्याने जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली एक वस्तू बॅगेतून काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. स्टेनलेस स्टीलची, वितीपेक्षा थोडी कमी रुंद, पिळदार पात्यांची. आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कोन्या पंपाचा इंपेलर आहे रे हा?"

तो जेट स्कीचा होता. पुतण्या मालवणकडे पर्यटकांना जेट स्कीवर फिरवण्याचं काम करतो. कोकण किनाऱ्यावर दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, तेव्हा तो घरी येतो. त्या वर्षी येताना हा इंपेलर घेऊन आला, कारण मशीन पूर्वीसारखी पळत नव्हती.

आप्पांनी जेट स्की कधी पाहिली नव्हती, पण ओळखली मात्र नेमकी. जेट स्की म्हणजे पंप. तिला मोटारसायकलसारखं हँडल आणि सीट असते म्हणून आपण तिला पाण्यावरची मोटारसायकल समजतो, आणि बरेच अपघात या समजुतीतून होतात. आपल्याकडचे लोक दिवाळीच्या सुट्टीत कोकणात, गोव्यात जातात; खंडव्यापलीकडे इंदिरासागरच्या पाण्यावर हनुवंतियाला २०१६पासून जल महोत्सव भरतो, तिथेही जातात. पाच मिनिटांची फेरी असली तरी हँडल हातात येणारच. तेव्हा हे यंत्र चालतं कसं, हे बसण्याआधी नीट समजून घेतलेलं बरं.

'जेट स्की' हे खरं तर कावासाकी कंपनीच्या यंत्राचं नाव, १९७३ साली बाजारात आलेलं. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसं ते सगळ्यांनाच चिकटलं. मूळ कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाची. तो मोटोक्रॉसच्या शर्यतीत भाग घेणारा, म्हणजे मोटारसायकलवाला. पहिल्या यंत्रांवर उभं राहून तोल सांभाळावा लागे. यामाहाची वेव्हरनर, बॉम्बार्डियरची सी-डू अशी बसून चालवायची यंत्रं १९८०च्या दशकाच्या शेवटी रुळली, आणि आज किनाऱ्यावर दिसतात ती हीच.

आता आत काय असतं ते पाहू. तळाला मागच्या बाजूला एक तोंड असतं, त्यावर धातूच्या सळ्यांची जाळी. विहिरीतल्या सक्शनला आपण जाळी लावतो तशीच. इंजिन पेट्रोलचं, बहुतेक चार-स्ट्रोकचं. त्याचा शाफ्ट मागे जाऊन इंपेलर फिरवतो. इंपेलर जाळीतून पाणी ओढतो आणि मागे रेटतो. रेटलेलं पाणी गरगरत येतं, म्हणून पुढे न फिरणारी पाती बसवलेली असतात. ती पाण्याचा पीळ काढून त्याला सरळ करतात. शेवटी तोंड निमुळतं होतं आणि पाणी जोराने बाहेर पडतं. पाणी मागे, गाडी पुढे.

पुतण्याने हे सांगितल्यावर आप्पांना पुढचं सांगावं लागलं नाही. शेतात पंप सुरू केला आणि पाईपाचं तोंड बांधलेलं नसलं, तर पाणी आल्याबरोबर पाईप मागे झटका मारतो. दोन माणसांनी धरला तरी हिसका देतो. तो हिसका हीच जेट स्कीची सगळी ताकद.

आणि तेच तिचं सुकाणूही आहे. होडीला मागे सुकाणू असतं. इंजिन बंद पडलं तरी होडी पुढे सरकत असेपर्यंत ते पाणी कापतं आणि होडीला वळवतं. जेट स्कीला तसं काही नसतं. हँडलला जोडलेली केबल मागचं तोंड डावी-उजवीकडे फिरवते. हँडल उजवीकडे वळवलं की तोंड उजवीकडे होतं, पाण्याचा झोत उजवीकडे जातो, मागची बाजू डावीकडे ढकलली जाते आणि नाक उजवीकडे वळतं. म्हणजे झोत असेल तर वळण. रेस सोडली की पंप पाणी फेकणं जवळजवळ थांबवतो, आणि मग हँडल कितीही पिळा, गाडी ज्या दिशेला चालली होती त्याच दिशेला घसरत राहते.

हे मी वाचलेलं नाही, अनुभवलेलं आहे. मालवणजवळ पुतण्याच्याच मागे लागून मी एकदा चालवायला बसलो. तो माझ्या मागे. किनारा सोडला, दोन-तीन वळणं झाली, हात बसला असं वाटलं. समोर नांगरलेली एक मच्छीमार होडी होती, लांब होती. ती जवळ यायला लागली तशी माझ्या हाताने पस्तीस वर्षं हायवेवर जे केलं तेच केलं. समोर ट्रक आला तर आपण काय करतो? रेस सोडतो, ब्रेक दाबतो, हँडल वळवतो. मी रेस सोडली आणि हँडल पूर्ण उजवीकडे नेलं. काहीही झालं नाही. इंजिनाचा आवाज बसला आणि गाडी सरळ होडीकडे चालत राहिली. होडीच्या फळीवरचा निळा रंग आणि त्यावर वाळत घातलेलं जाळं मला आजही दिसतं. मागून पुतण्याचा हात माझ्या हातावर आला, त्याने रेस दाबली, आणि गाडी एका क्षणात उजवीकडे वळली. होडी डाव्या हाताला राहिली. "काका, वळायचं असेल तर रेस पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

म्हणून जेट स्कीवर बसणाऱ्या प्रत्येकाने पहिली दोन मिनिटं मोकळ्या पाण्यात, हळू वेगात हाच एक प्रयोग करावा. हँडल थोडं वळवून रेस सोडून बघावी, मग रेस देऊन बघावी. फरक एकदा अंगाला कळला की भीतीच्या क्षणी हात बरोबर वागण्याची शक्यता वाढते. नुसतं सांगितलेलं त्या क्षणी आठवत नाही. ब्रेकचंही तसंच. पूर्ण वेगात, म्हणजे ताशी नव्वद-शंभर किलोमीटरवर असलेली जेट स्की रेस सोडल्यावर नव्वदेक मीटर घसरत जाऊ शकते. २००९मध्ये सी-डूने पाण्याचा झोत उलटा फिरवून वेग कमी करणारी ब्रेकची सोय आणली, आणि रेस सोडली तरी हँडल वळवल्यावर थोडा झोत देणारी यंत्रंही आहेत. पण भाड्याने मिळणारी गाडी जुनी असते. तिच्यात ब्रेक नाही असंच समजून बसावं आणि होड्या, पोहणारे, खडक यांच्यापासून आधीच लांब राहावं.

मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायची ती पिळाची दोरी नुसती दाखवायला नसते. तिच्या टोकाची क्लिप बटणाखाली बसवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि तुम्ही पडलात तर क्लिप निघून इंजिन बंद होतं. दोरी हँडललाच गुंडाळून ठेवलेली असेल तर पडल्यावर चालक पाण्यात आणि गाडी पुढे निघून गेलेली. कोणी दोरी न बांधता गाडी देत असेल तर त्या गाडीवर बसू नये.

लाइफ जॅकेट सैल घालून फोटो काढणारे मी पुष्कळ पाहिले. जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कोणाला खांद्याशी धरून ते वर उचलायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघेल. आतल्या शिक्क्यावर न्यूटनमध्ये तरंगवण्याची ताकद लिहिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत म्हणून आहे. पोहता न येणाऱ्याने १०० न्यूटनचं मागावं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेली पिढी आता म्हातारी होत आली, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता एक गोष्ट, जी किनाऱ्यावर संकोचाने कोणी सांगत नाही आणि सांगायलाच हवी. मागे बसलेला माणूस झटक्याने मागच्या बाजूला पडला तर तो नेमका त्या झोतासमोर पडतो. पंपाचा तो झोत शरीरात गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून शिरून आतड्यांना आणि गर्भाशयाला गंभीर इजा करू शकतो. ही इशारापट्टी प्रत्येक यंत्रावर छापलेली असते, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. कंपन्या सांगतात की जाड निओप्रीनची चड्डी घाला. साधा पोहण्याचा पोशाख, लेगिंग किंवा साडी यापासून वाचवत नाही. निओप्रीन मिळालं नाही तर निदान एवढं करावं: मागच्याने पुढच्याच्या कमरेला घट्ट धरावं, पाय पावठ्यांवर रोवावेत, आणि पुढच्याने सांगितल्याशिवाय एकदम रेस देऊ नये. लहान मूल मागे कधीच बसवू नये. ओढणी, मोकळे केस, लोंबणारे पट्टेही बांधून घ्यावेत. गाडीमागे पाण्यात असताना इंजिन सुरू असेल तर ते तळाच्या जाळीत ओढले जातात.

पडलात तर गाडीपाठी पोहत जाऊन मागूनच चढायचं, बाजूने नाही. बाजूने चढलं की ती तुमच्याच अंगावर उलटते. गाडी उलटली असेल तर ती सरळ करायची एक ठरलेली दिशा असते, मागे बाणाचं चित्र चिकटवलेलं असतं. उलट्या दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात जाऊ शकतं. पाण्यावरचे वाहतुकीचे नियमही ऐकून ठेवावेत, कारण त्यातला पहिलाच आपल्या रस्त्याच्या उलटा आहे. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. उजव्या हाताकडून कोणी आडवा येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. पुढच्याला ओलांडताना लांबून जायचं. लाटेवर उडी मारायला दुसऱ्या बोटीच्या मागे मागे जाणं, हा तरुणांचा आवडता आणि सगळ्यात वाईट खेळ आहे.

आपल्या गावाकडे ही यंत्रं आली तर, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. अजिंठ्याच्या डोंगरातून, लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन येणारी वाघूर आमच्याजवळून जाते आणि तिच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. पेट्रोल आणि ऑइलचं यंत्र पिण्याच्या पाण्यात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तापीवर हतनूरला चांगदेवपर्यंत पसरलेलं रुंद पाणी आहे, पण पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, कधी सगळेच्या सगळे ४१, आणि खालच्या नदीत तासाभरात सगळं बदलतं. शिवाय कुठल्याही नदीतला बंधारा. वरून पाणी फक्त दोन-तीन फूट पडताना दिसतं, पण पायथ्याशी ते गरगरत मागे खेचतं. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि धुळ्याहून गेलेल्या पथकातले तीन जवान गेले. ती शिकलेली, सरावलेली माणसं होती. बंधाऱ्याजवळ कोणतीही बोट, कोणत्याही कारणाने, हौसेसाठी नेऊ नये. आणि धरणात यंत्र उतरवायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, देशांतर्गत पाण्यावरच्या यांत्रिक बोटींना २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. चालवायचं रीतसर शिकायचं असेल तर गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. पुतण्या तिथेच शिकला.

त्याची सकाळ मी पाहिली आहे. पहिलं काम वाकून मागचे दोन बूच तपासणं. हे बूच काढले की आत साठलेलं पाणी निघून जातं. लावायचे राहिले की गाडी उतरवल्यावर हळूहळू पाणी भरतं आणि भर समुद्रात ती जड व्हायला लागते. पेट्रोल भरलं की तो सीट काढून आतला वास घेतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसते; बंद पेटीत एका ठिणगीला तेवढं पुरतं. वास असेल तर सीट उघडी ठेवून थांबायचं, घाईने सुरू करायचं नाही. गाडी ढकलत कमरेएवढ्या पाण्यात नेल्यावरच इंजिन. त्याहून उथळ पाण्यात सुरू केलं तर जाळीतून वाळू ओढली जाते. इंधनाचा हिशोब तीन हिश्श्यांत करायचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हातचा.

संध्याकाळी धुण्याचं काम मात्र मी लक्ष देऊन शिकलो, कारण त्यात चूक करणं फार सोपं आहे. समुद्राचं पाणी इंजिन थंड करत आतून फिरलेलं असतं. मीठ राहिलं तर नळ्या खातं. म्हणून गोड्या पाण्याचा पाईप जोडून आतून धुवायचं. क्रम असा: आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग दोन-तीनदा रेस देऊन आतलं पाणी उडवायचं, आणि मग इंजिन. नेमका उलटा क्रम बहुतेकांच्या हाताला येतो. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर एक्झॉस्टमध्ये पाणी साठत जातं, बाहेर ढकलायला धूर नसतो, आणि ते मागे चढून सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या वेळी स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदांपेक्षा जास्त चालवायचंही नाही. धरणाच्या पाण्यात मीठ नसतं, पण आपल्या काळ्या मातीचा गाळ असतो. धुणं तिथेही चुकत नाही.

बाकी रोजची देखभाल मोटारसायकलवाल्याला परकी नाही. ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या तासांना किंवा वर्षातून एकदा बदलायचे. मोजायचे ते किलोमीटर नाहीत, तास. पंपाजवळ एक छोटा धातूचा तुकडा बसवलेला असतो, तो मुद्दाम स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. अर्धा झिजला की नवा. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची तार काढून ठेवायची. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही, धूर जीव घेतो.

पुन्हा आप्पांच्या टेबलाकडे येतो. पुतण्याची तक्रार अशी होती की रेस दिली की इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. आप्पा म्हणाले, "पंप हवा धरते मग." शेतातल्या पंपाला सक्शनला चीर असली की असंच होतं. जेट स्कीत याची कारणं बहुधा तीन. एक, जाळीत किंवा शाफ्टला काहीतरी गुंडाळलेलं: नायलॉनची दोरी, प्लास्टिकची पिशवी, जलपर्णी, निर्माल्याचं कापड. अशा वेळी इंजिन बंद, क्लिप काढलेली, आणि मगच तळाला हात. इंजिन चालू असताना कधीच नाही. दोन, इंपेलरभोवतीची कडी झिजलेली. पात्याचं टोक आणि ती कडी यांत नवेपणी मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी फट असते. वाळू आणि खडे जाऊन ती वाढली की रेटलेलं पाणी फटीतून परत पुढे येतं. तीन, पात्यांच्याच कडा खराब. खडबडीत कडेमागे पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पात्यावर फुटून त्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडतात.

आप्पांनी इंपेलर उजेडात फिरवला. एका पात्याच्या कडेला दाताने चावल्यासारखा तुकडा उडाला होता आणि बाहेरच्या टोकांवर गोल ओरखडे होते. खडा गेला होता, आणि कडीही गेली होती. पुतण्याने विचारलं, वेल्डिंग करून, घासून देता का? आप्पा असं काम रोज करतात. त्यांनी उलट विचारलं, हे फिरतं किती?

"सात-आठ हजार."

आप्पांनी इंपेलर खाली ठेवला. शेतातला आपला पंप मिनिटाला एकोणतीसशे फेरे घेतो. त्याच्या अडीचपट वेगात वेल्डचा थोडा भार एका बाजूला राहिला तर आधी शाफ्ट थरथरेल, मग बेअरिंग, मग सील. आणि सील गेलं की पाणी आत. "मी करून देईन," ते म्हणाले, "पण याच्यावर मान्सं बसतात ना रे?" मग त्यांनी बारीक कानस घेऊन दुसऱ्या पात्यावरची एक कूस घासून दाखवली, एवढ्यापर्यंत ठीक, याच्यापुढे नवीनच घ्यायचा. फीलर गेजची एक जुनी पुडी ड्रॉवरमधून काढून पुतण्याला दिली आणि फट कशी मोजायची ते सबमर्सिबलच्या वाटीवर शिकवलं, प्रत्येक पात्याला चार ठिकाणी.

पोळ्याच्या सुमाराला तो मालवणला परत गेला. बॅगेत नवा इंपेलर होता, नवी कडी होती आणि ती गेजची पुडी. जुना इंपेलर आप्पांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. आता सुट्टीत गोव्याला किंवा कोकणात निघालेलं कोणी दुकानात आलं की ते तो खाली काढतात, हातात देतात आणि मोकळ्या पाईपाची गोष्ट सांगायला लागतात.